हमीदभाईंना चालेल असं मटण

विषय : श्री. हमीद शेख, सेवानिवृत्त वाहनचालक, यांना दातांशिवाय खाता येईल असे मटण घरच्या घरी धुरावर शिजवण्याबाबत.

संदर्भ : त्यांच्या पत्नीची तोंडी तक्रार.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की…

राहू द्या. चौतीस वर्षं दिवसाची सुरुवात याच वाक्याने केली, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. कचेरी सुटली की कचेरीतले किस्सेही सुटतील, अशी माझी समजूत होती. पण किस्से आवक-बारनिशीसारखे असतात. एक वही भरली की दुसरी उघडते, आणि नोंदी करायला मात्र तोच जुना माणूस बसलेला असतो. मी निवृत्त झालो, किस्से झाले नाहीत. त्यांना वयाची अट नसावी.

आम्ही चौघे जळगावच्या एकाच कचेरीतले. नाना आमचे हेडक्लार्क. शेजारच्या टेबलावर कुणी उकडलेलं अंडं सोललं तर स्वतःचा चहा टाकून देणारे, इतके शाकाहारी. धनराज आवक-जावकला. तो मूळचा धुळ्याकडचा. कचेरीत शुद्ध बोलायचा आणि जेवताना किंवा रागावल्यावर अहिराणी. हमीदभाई साहेबांच्या जीपवर ड्रायव्हर. चौथा मी. मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. कारण काही नाही, क्लार्कला म्हणायची पद्धत आहे.

हमीदभाई आता नशिराबादला राहतात. हिरड्यांच्या दुखण्यापायी त्यांचे होते नव्हते ते सगळे दात काढावे लागले. डॉक्टरने कवळी बसवायला सांगितली, तर हे म्हणाले, "रात्री दात वाटीत भिजत घालून झोपणारा माणूस मला व्हायचं नाही." मग तीन महिने खिचडी.

शमीमभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, एक दिवस थेट नानांच्या घरी आल्या. नवरा खिचडी समोर आली की भिंतीकडे बघत बसतो, असं त्यांनी सांगितलं. कुकरमधलं मटण त्यांना दवाखान्यातलं लागतं. सूप दिलं तर विचारतात, मटण कुणी खाल्लं?

"आणि खिमा?" नानांनी विचारलं. आयुष्यात हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला असावा.

"खिमा म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेलं, म्हणतात." भाभींनी समोरचा चहा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "नाना, त्यांच्या शर्टात आता दोन हमीद बसतील. मला एकच पाहिजे, पण पुरता पाहिजे."

* * *

नानांचा मुलगा अमेरिकेत टेक्सासला असतो. तिकडे लोक जनावराच्या छातीचा मोठा तुकडा बारा-बारा तास धुरावर ठेवतात आणि तो लोण्यासारखा होतो, असं त्याने कधीतरी सांगितलं होतं. नानांनी त्याच्याकडून व्हिडिओ मागवला.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं आहे. नाना खुर्चीत बसले, मोबाइलच्या पडद्यावर आडवा पंजा धरला आणि व्हिडिओ तीन वेळा फक्त ऐकला. चित्र म्हणून एकदाही पाहिलं नाही. ऐकता ऐकता टिपण काढलं, अकरा मुद्द्यांचं.

पहिला मुद्दा असा : "मांस कायद्याने अनुज्ञेय असावे, म्हणजे म्हशीचेच. पावती घ्यावी."

मी म्हटलं, "नाना, ज्या वस्तूकडे तुम्ही बघतसुद्धा नाही, तिची कार्यपद्धती ठरवताय."

"मग चौतीस वर्षं दुसरं काय केलं?" ते म्हणाले.

मी टिपणाचा दुसरा मुद्दा वाचायला घेतला.

* * *

टिपणाचा तिसरा मुद्दा : "छातीचा संपूर्ण तुकडा, चरबीसह, अखंड." आपल्याकडे त्याला सीना म्हणतात. हमीदभाई ओळखीच्या कसायाकडे गेले आणि चार किलोचा अख्खा सीना मागितला. कसाई हो म्हणाला, वजन केलं, आणि बोलता बोलता त्याचे वाटाण्याएवढे नव्हेत, पण लिंबाएवढे तुकडे करून टाकले. हमीदभाईंनी आरडाओरडा केला. त्याने माफी मागितली, दुसरा सीना काढला, आणि माफी मागत असतानाच त्यालाही सुरा लावला.

त्याचीही चूक नव्हती. हयातभर अखंड मागणारं गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. डोकं ऐकत होतं, हात ऐकत नव्हता. आमच्या कचेरीत एक असेच गृहस्थ होते, रजेच्या अर्जावरसुद्धा "नामंजूर" आधी लिहायचे आणि मग वाचायचे.

तिसऱ्या सीन्याला हमीदभाईंनी वजनकाट्यावरच्या सीन्यावर स्वतःचा हात ठेवला. म्हणाले, "आधी हा तोड, मग त्याला हात लाव."

सीना अखंड मिळाला. पावतीही मिळाली. नानांनी ती टिपणाला टाचली.

* * *

भट्टी म्हणून हमीदभाईंच्या घरातली धान्याची जुनी कोठी घेतली. साध्या लोखंडी पत्र्याची, वर झाकण, खाली दाणे काढायची खिडकी. खिडकीतून विस्तव घालायचा, वर जाळीवर मटण ठेवायचं आणि झाकण लावायचं. अमेरिकेत याच वस्तूला म्हणे वेगळं दुकान असतं.

जळण धनराजने आणलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, भाच्याच्या शेतातल्या कपाशीच्या वाळलेल्या काड्या. हिवाळ्यात आपल्याकडे भरताची वांगी याच काड्यांवर भाजतात, तेव्हा धुरावर काही भाजायचं म्हटल्यावर खानदेशातला माणूस दुसरं काय आणणार? नानांच्या टिपणात "मंद आच" असं स्पष्ट लिहिलं होतं. धनराजने टिपण वाचलं नाही. त्याचं म्हणणं, "नाना, भरीतले हाई आग चालस, मंग याले का बरं नही चालस?"

काड्या पेटल्या. कपाशीची काडी मंद जळत नाही, ती भडकते. कोठीतून असा आवाज आला की शेजारची शेळी दावं तोडून गेली. बारा तासांचं काम पंचवीस मिनिटांत आटोपलं. धनराजने झाकण काढलं, आत वाकून पाहिलं, आणि शांतपणे अहवाल दिला, "वरतीन कोळसा व्हई गया, मझार कच्चं शे." मझार म्हणजे आत.

मग शेवटी आम्ही उरलेल्या निखाऱ्यात वांगी भाजली. भरीत उत्तम झालं. हमीदभाईंनी ते मुकाट्याने खाल्लं आणि भिंतीकडे बघत बसले.

* * *

दुसऱ्या प्रयोगाची जबाबदारी माझी, आणि ती मी नाकारत नाही. माझ्या घरासमोरचा कडुनिंब मागच्या वर्षी छाटला होता. फांद्या वाळून तयार होत्या, जाड होत्या, मंद जळणाऱ्या होत्या. टिपणात "लाकूड" एवढंच लिहिलं होतं, कोणतं ते नव्हतं. मी पोतं भरून नेलं.

या वेळी सगळं नियमाप्रमाणे झालं. आच मंद, धूर पातळ, पूर्ण दिवस गेला. संध्याकाळी तुकडा काढला तर रंगही सुरेख आलेला. हमीदभाईंनी पहिला घास तोंडात ठेवला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसेच राहिले. आम्हाला वाटलं, जमलं.

डोळे उघडून ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, दात सगळे काढून घेतले. आता दातवण कशाला खाऊ घालता?"

मी चाखून पाहिलं. आठवडाभर चहासुद्धा कडू लागला.

त्या संध्याकाळी निघताना भाभी दारापर्यंत आल्या. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आज सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. हेच खायचं म्हणून."

परत येताना बसमध्ये नानांनी टिपण पुन्हा पहिल्या मुद्द्यापासून वाचलं. तोपर्यंत हा उद्योग करमणुकीचा होता.

* * *

तिसऱ्या वेळी हमीदभाईंनीच लक्ष घातलं. बाभळीची लाकडं आणवली, कडक आणि चांगली वाळलेली. तापमान मोजायला त्यांनी भंगारातल्या जीपचा काटा आणला. तोच, इंजिन किती तापलं ते दाखवणारा. वायरचं टोक भाभींनी तीन पाण्यात उकळून दिलं आणि ते मटणात खुपसलं, दुसरं टोक जुन्या बॅटरीला.

नानांनी काट्याकडे पाहिलं. एका टोकाला थंड, दुसऱ्या टोकाला गरम, मध्ये एकही आकडा नाही. त्यांना ते मान्य होईना. टिपणात अंश दिलेले होते.

"नाना," हमीदभाई म्हणाले, "तीस वर्षं साहेबांना याच काट्यावर फिरवलं. एकदा तरी रस्त्यात उभं राहावं लागलं?"

पहाटे कोठी पेटवली. काटा हळूहळू चढला आणि दुपारी बाराच्या सुमारास मध्यावर येऊन थांबला. एक वाजला, दोन वाजले, काटा जागचा हलेना. व्हिडिओत याचा उल्लेख होता म्हणे. मांस मध्येच अडतं, घाम गाळतं, तासन्‌तास पुढे सरकत नाही, आणि तेव्हा काहीही करायचं नसतं. हे नानांच्या स्वतःच्या अक्षरात सातव्या मुद्द्यात होतं : "या अवस्थेत झाकण उघडू नये."

आता नाना म्हणजे असे गृहस्थ, की ज्यांच्या टेबलावर एका शिक्षिकेच्या बदलीचं प्रकरण ती निवृत्त होईपर्यंत पडून होतं. त्याबद्दल त्यांची तक्रार कधी ऐकली नाही. पण त्या दुपारी त्यांना दोन तास धीर निघेना. दर दहा मिनिटांनी उठायचे, तोंड दुसरीकडे फिरवायचे, झाकण उचलायचे आणि विचारायचे, "झालं का बघ रे, धनराज."

"नाना, ती फाईल नही शे, मटण शे. घडीघडी उघाडं तर थंडं पडी जाई."

चौथ्यांदा झाकण उचललं गेलं तेव्हा भाभी स्वयंपाकघरातून आल्या.  वाटणाचा दगडी पाटा उचलून आणला आणि झाकणावर ठेवला. नानांनी तो हलवून पाहिला. मग खुर्चीत जाऊन बसले आणि पेपर उघडला. पेपर उलटा होता, पण आम्ही कुणी सांगितलं नाही.

* * *

तीनच्या पुढे भाभींनी पाटा काढला. टिपणानुसार आता तुकडा कागदात गुंडाळायचा होता. नानांनी खास जाड खाकी कागद आणला होता. धनराजने रावेरच्या व्याह्याकडून केळीची पानं आणली होती. भाभींनी दोन्हींकडे पाहिलं आणि पानं घेतली. सीना पानात गुंडाळून परत कोठीत गेला.

सहाला काटा गरमच्या बाजूला टेकला. शिजलंय की नाही ते बघायला नानांनी खिशातून फाईल शिवायचा दाभण काढला, धनराजच्या हातात दिला आणि पाठ फिरवली. दाभण आत गेला तो अडलाच नाही. मग अकरावा मुद्दा : एक तास विश्रांती. हमीदभाई ताट घेऊन तासभर बसून राहिले. त्यांच्या साहेबांची वाट बघत जीपमध्ये बसायचे, तसेच.

सातला भाभींनी पान सोडलं. बाहेरून काळा, आतून गुलाबीसर, आणि नुसतं ताट हललं तरी थरथरणारा तुकडा. कापायला सुरी आणली होती, ती लागलीच नाही. बोटांनी सुटला. रस पानावरून ओघळून ताटात आला.

हमीदभाईंनी एक घास घेतला. मग दुसरा. मग भाकरी कुस्करून रसात घातली. भाभी दारात उभ्या राहून घास मोजत असल्यासारख्या बघत होत्या. नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि आवाजावरून अंदाज घेत होते.  जवळजवळ अर्धं ताट रिकामं झालं.

मग ते थांबले. पाणी प्याले, हात ताटावर तसाच ठेवला.

"नाना," ते म्हणाले, "असं मटण मी जन्मात खाल्लं नाही."

नानांची पाठ थोडी सरळ झाली.

"पण ठेवलं की जातं. जबडा वाट बघत राहतो आणि ते केव्हाच खाली गेलेलं असतं." त्यांनी ताटातला रस बोटाने निपटला. "या मटणाला एकदा चावायला पाहिजे होतं."

 हमीदभाईंनी भाभींकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि हळूच विचारलं, "ती कवळी… अर्ज कुणाकडे करावा लागतो?"

नानांनी मटणाला हात लावलेला नव्हता, तरी हात धुतले, पुसले आणि पेन काढलं. खाकी कागद तिथंच पडला होता. त्याच्यावरच मसुदा झाला.

ज्येष्ठ नागरिकांना कवळी देण्याची एक योजना आहे, त्या कार्यालयात तो अर्ज दुसऱ्याच दिवशी रीतसर दाखल केला. दात नसल्याचा वैद्यकीय दाखला जोडलेला नाही, म्हणून परत आला. दाखला जोडला. दाखल्यात दात नाहीत असं आहे, पण किती नाहीत याचा उल्लेख नाही, अशी त्रुटी निघाली. ती पूर्ण केली. नाना दर सोमवारी जातात आणि बाहेरच्या बाकावर बसतात. दर पंधरा दिवसांनी भाभी कोठी पेटवतात. गेल्या सोमवारी असं समजलं की, अर्ज संबंधित टेबलावर पोहोचला आहे, परंतु टेबलावरचे कर्मचारी रजेवर आहेत. अर्ज प्रलंबित आहे.