शेजारच्या देशाला दिलेल्या भाकरी

शेजारच्या देशात भूकंप झाला तेव्हा माझा मुलगा सैन्यातून सुट्टीवर घरी आला होता. तिकडे मदतीला जायचा हुकूम आला आणि त्याची सुट्टी संपली. माझे दीर बेळगावात मास्तर होते. ते म्हणाले, "वहिनी, सरकार तिकडे धान्य, तंबू पाठवतंय. अडचणीत मदत केली की तो देश आपल्या बाजूला राहतो. उद्या सीमेवर आपली पोरं निवांत झोपतील."

मी चौथी शिकलेली. देशाचं मला कळत नाही, पोराचं कळतं. गल्लीतल्या बायकांना बोलावलं आणि आम्ही ज्वारीच्या कडक भाकरी केल्या. पातळ थापायच्या, चुलीपाशी उभ्या करून वाळवायच्या. खूप दिवस टिकतात.

"आक्का, ह्या खाऊन त्यांचं दात पडलं तर दोस्ती मोडंल की," शेजारीण म्हणाली.

"घरं पडल्यात त्यांची. दाताचं काय घेऊन बसलीस?"

मुलाने पोतं नेलं. मग तिकडून त्याचा फोन आला. तिकडची माणसं भात खाणारी. हे काय आहे तेच त्यांना कळेना. एका म्हातारीने भाकरी पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. "पण हात जोडलं गं तिनं," तो म्हणाला. मला तेवढं पुरलं.

पुढे तिकडचं सरकार बदललं. हद्दीवरून भांडण लागलं आणि मुलाची बदली त्याच हद्दीवर झाली. दीर पेपर वाचत, पण आता मोठ्याने वाचत नसत. एका दुपारी तिकडून जमाव आला. दगड आले. एक त्याच्या डाव्या डोळ्याला लागला. डोळा गेला.

तो आमच्या निपाणीच्या स्टँडवर उतरला तेव्हा मी रडले नाही. त्याच्या हातातली पिशवी घेतली. घरी ताट वाढताना विचारलं, "दगड मारणाऱ्यानं आपली भाकरी खाल्ली असंल काय रं?"

"कुणीच खाल्ली न्हाय आई. सांगितलं हुतं की."

तो जेवला. मी भांडी घासली.

यंदा तिकडे पूर आला. मदत गोळा करणारा टेम्पो भोंगा लावून गल्लीत शिरला. दीर म्हणाले, "वहिनी, आता काही द्यायचं नाही."

मी मुलाकडे बघितलं. तो उंबऱ्यावर बसला होता. टेम्पो दिसावा म्हणून त्याने मान पुरती डावीकडे वळवली.

"पोहे दे," तो म्हणाला. "ते खात्यात."

मी पोह्यांचा डबा खाली काढला.