मोगऱ्याची अमानत

“आधी वास घ्या, मग बोला.”

कुणीही दारात आलं की सिस्टर गवती चहाचं पातं तोडून, चुरडून त्याच्या नाकाशी धरायच्या. भांडायला आलेला माणूसही वास घ्यायला थांबायचा आणि निम्मं भांडण तिथंच विसरायचा.

धाराशिवात आम्ही शेजारीशेजारी भाड्यानं राहायचो. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्याच. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. खोल्यांच्या मागं परसाची एक पट्टी होती. पूर्वी तिथं नुसता राडारोडा पडलेला असायचा. सिस्टरनी तिथं शेवंती लावली, तोंडलीचा वेल चढवला, गवती चहाचं बेट केलं. कोपऱ्यातल्या मोगऱ्याला त्या ‘आमचा जुना पेशंट’ म्हणत. आपल्याकडं पाण्याची काय तऱ्हा असते, ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या घरचं तांदळाचं धुवण मोरीत गेलेलं दिसलं की भिंतीवरून आवाज यायचा, “व्हय हो, झाडांनी काय पाप केलंय?”

एका वर्षी दिवाळी झाल्यावर घरमालक गवंड्याला घेऊन आले. मागची भिंत ओलीनं फुगली होती. ती पाडून नवी बांधायची आणि परसात फरशी टाकून गाड्या लावायला जागा करायची, असा त्यांचा बेत होता.

“झाडं काढून टाका, सिस्टर.”

आता जुंपणार, म्हणून मी दारात येऊन उभा राहिलो. सिस्टरनी आधी पातं दिलं. मग म्हणाल्या, “भिंत पडायला आली, खरं हाय. त्यात माझ्या पाण्याचाबी हात हाय. दुरुस्ती करा, तुमचा हक्कच हाय. पण परस माझ्या भाड्यात हाय, मालक. काम झालं की माती होती तशी परत पाहिजे. फरशी न्हाय.”

“आन न्हाय दिली तर?”

“तर कोर्ट लांब न्हाय, रिक्षानं जाईन. पण आपल्यात ती पाळी कशाला?”

हक्क सांगताना आवाज न चढवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मग त्यांनी एकेक झाड मातीसकट उचललं, डब्यांत, फुटक्या बादल्यांत बसवलं आणि घरोघर पोचवलं. “अमानत हाय. जीव लावा, पण आपलं समजू नका.” अमानतीला नाही म्हणायची आपल्याकडं रीत नाही. मला शेवंती आली. मोगरा मात्र थेट मालकांच्या दारात गेला. सिस्टरनी कुंडी पुढं केली, मालकांनी सवयीनं हात पसरले आणि तिथंच ते फसले.

रोज सकाळी सिस्टरांचा राउंड सुरू झाला. पदर खोचून यायच्या, मातीत बोट घालायच्या. माझी शेवंती बघून म्हणाल्या, “पेशंट उपाशी ठेवलाय काय?” मला रागच आला. तरी खरं सांगतो, मी त्या राउंडची वाट बघायचो.

मालकांकडं त्या जास्त वेळ थांबायच्या. मोगऱ्याची पानं गळून नुसत्या काड्या उरल्या होत्या. सिस्टर एकेक काडी चाचपायच्या, मालकच कानकोंडे व्हायचे. पुढं पुढं तांब्या घेऊन तेच कुंडीपाशी उभे दिसू लागले.

होळीच्या सुमारास भिंत पुरी झाली. फरशांचा ढीग दारात येऊन पडला. सिस्टर पायरीवर बसून त्या ढिगाकडं बघत होत्या. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात मालक आले. दोन्ही हातांत कुंडी. काड्यांना पालवी फुटली होती.

“सिस्टर, तुमची अमानत.” मग फरशांकडं बघत जरा घुटमळले. “आता ह्याला लावायचं कुठं?”

“होता तिथं,” सिस्टर म्हणाल्या.

फरशा मालकांच्या गच्चीवर गेल्या, झाडं घरोघरून परसात परतली.

गेल्या पावसाळ्यात सिस्टर वारल्या. परवा एक तरुण जोडपं खोल्या बघायला आलं. नवऱ्यानं परसात डोकावून विचारलं, “इथं फरशी टाकली तर मोटारसायकल बसंल की?”

 मालकांनी वाकून गवती चहाचं एक पातं तोडलं, चुरडलं आणि त्याच्या नाकाशी धरलं.