हळू पळायला शिकवणारे सर

सर माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचे, आधी पोटरीकडं. संतपूरच्या बाजारात भाजीवाला असो की बसचा कंडक्टर, वाकून पोटरी दाबणार आणि निकाल देणार, "ही शंभर मीटरची." नाहीतर, "अप्पा, ही लांब जाणार बघा." बायकांच्या पोटऱ्या बघणं बरं दिसत नाही, म्हणून आम्हा मुलींच्या चपलांची झीज बघायचे. तुम्ही भेटला असता तर तुमचीही सुटका नव्हती.

ते आमच्या शाळेचे निवृत्त पीटी मास्तर, मागच्या गल्लीत राहायचे. तरुणपणी कबड्डीत सगळा तालुका गाजवलेला. मी त्यांच्याकडे गेले ती गरजेपोटी. वनरक्षकाच्या भरतीत दोनदा पळण्यात नापास झाले होते आणि वयाच्या अटीमुळं ही तिसरी खेप शेवटची होती. हुकली की भावाबरोबर हैदराबादला, बांधकामावर. आजोबांपर्यंत आमची मेंढरं होती. आता मेंढरंही नाहीत आणि शेतही नाही.

"त्यात काय? दम कोंडायला शीक," सर म्हणाले.

आणि कबड्डी शिकवावी तसंच त्यांनी मला पळणं शिकवलं! एका श्वासात "कबड्डी, कबड्डी" म्हणत जोरात पळायचं, श्वास तुटला की बाद. अख्खी गल्ली पोट धरून हसायची. सरांपुढं तोंड उघडायची माझी काय बिशाद? दोन महिन्यांनी मी आधीपेक्षा हळू झाले होते. पहिली फेरी सुसाट जायची, दुसरीला मांड्या भरून यायच्या आणि डोळ्यांपुढं अंधारी.

मग बीदरला क्रीडाशिक्षकांचं कसलंसं शिबिर झालं. कुणी बोलावलं नव्हतं, तरी सर जाऊन बसले. परतले ते थेट आमच्या दारात. आईसमोर हात जोडले.

"अक्का, पोरीचे दोन महिने मी वाया घालवले. माझंच चुकलं."

मास्तर माणूस चूक कबूल करतोय म्हटल्यावर आई घाबरलीच. कुणाचं काही बरंवाईट झालं की काय, असं तिला वाटलं.

सर चुलीजवळ बसले आणि समजावू लागले. मांडीत दोन तऱ्हेचे धागे असतात म्हणे. पांढरट असतात ते तुराट्यांसारखे, भडकन पेटतात आणि लगेच विझतात. घटकाभर त्यांना प्राणवायूवाचून चालतं. तांबडे असतात ते बाभळीच्या खोडासारखे, सावकाश जळतात, पण त्यांना वारा लागतच राहतो.

"दोनी सगळ्यांतच असतेत, कमीजास्त. माझ्यात पांढरे जास्त असतील. कबड्डीची चढाई केवढीशी, दम कोंडून निभलं. तू शाळेत शंभर मीटरला कायम शेवटची, पण सगळे बसले तरी तू पळायलीसच. तुझे तांबडे हायेत गं! आन् मी त्यांचाच वारा बंद केला."

"मग आता?"

"आता रोज हळू पळायचं. त्यानं काळीज जास्त रगत धाडतंय, तांबडे धागे जास्त प्राणवायू घ्यायला शिकतेत. जन्माचं हाय ते हाय, पण शिकवलं तर शिकतंय."

हळू म्हणजे किती, तर पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत इतकं. चिंताकी गावाच्या रस्त्यावर मी पायी आणि सर शेजारी सायकलवर. "आज भाजी काय केलीस?" मी धापा टाकत सांगू लागले की ओरडायचे, "कमी कर, कमी कर!" एकदा एक म्हैस मला मागं टाकून गेली. बैलगाडीतली म्हातारी कळवळून म्हणाली, "पाय दुखायलाय का गं माय?" लाजेनं मेल्यासारखं झालं. आमच्या घरातली सगळी भांडणं मात्र सरांना पाठ झाली.

हैदराबादला जायची पिशवी आईनं भरून ठेवलीय, हेही त्यांना तिथंच कळलं. दुसऱ्या दिवशी घरी येऊन त्यांनी पिशवी रिकामी करून मागून नेली. म्हणे, बाजाराला लागती. परत काही दिली नाही.

हळूहळू अंतर वाढलं, मग आठवड्यातून दोनदा जोरात पळणं आलं. भरतीच्या दिवशी कलबुर्गीच्या मैदानावर सगळ्याजणी सुसाट सुटल्या, मी मागं. शेवटच्या दोन फेऱ्यांत त्या एकेक करून मला मागं सोडता आल्या. वेळेत बसले. पेढे घेऊन गेले तर सर विचारतात, "शेवटी दम उरला व्हता का?"

"व्हय, उरला व्हता."

"मग आजून जोरात कामून पळाली न्हाईस?" चांगलंच झापलं मला. मग भिंतीकडं तोंड करून किती तरी वेळ डोळे पुसत बसले. एवढा जीव मला कुणी लावला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. फोन आला तेव्हा मी जंगलात गस्तीवर होते, गाडी नव्हती. फाट्यापर्यंत पळत सुटले. ओढा ओलांडला, चढ चढले, कुठं थांबले नाही. फाट्यावर बस लागलेली होती. चढले आणि संतपूरला जायला नेहमीच्या आवाजात बीदरचं तिकीट मागितलं. एवढं पळून मला साधा दमही लागला नव्हता. ते ध्यानात आलं, आणि मग मात्र रडू आवरलं नाही.