सावलीसाहेबांची वाट

सावलीसाहेब उन्हात उभ्या माणसाशी बोलत नसत. साक्षात सूर्य तक्रार घेऊन आला असता, तरी "आधी लिंबाखाली या, मंग बोला," असंच त्याला म्हणाले असते. दुष्काळी कामावरचे हे ओव्हरसियर. त्यांची सायकल अशी करकरायची, की ती वाटूरहून निघाली की आमच्या वाडीतल्या म्हशी दावं तोडायच्या.

माझी सातवी झाली होती. पुढची शाळा वाटूरला. सडकेवर ट्रक असे धावत, की कोंबडीसुद्धा घरच्यांचा निरोप घेऊनच पलीकडे जायची. आण्णांनी, माझ्या वडिलांनी, सांगून टाकलं, "सडकंनं ट्रकं, शिवारातनं ऊन. पोरगी न्हाई पाठवत."

ओसरीवर पाणी पिणाऱ्या साहेबांनी तांब्या खाली ठेवला. "अन् मी तिसरी वाट केली तर?"

"बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे बिलकुल नाही. पण साहेबांनी ते वचनच धरलं.

शिवारातून वाटूरपर्यंत त्यांनी वाट मंजूर करून घेतली. पाऊस येताच दुतर्फा लिंब लावले, अन् मधेमधे, पानमळ्यात लावतात तशी, झटपट वाढणारी शेवरी. "शेवरी या पोरीसाठी, लिंब हिच्या पोरीसाठी," म्हणायचे. मी लाजून आठवडाभर कणगीत राहिले! शेवरी तर अशी वाढली, की सकाळी तिला बांधलेलं शेरडू संध्याकाळी शेंड्यावर बसून ओरडत होतं.

वाट मात्र दोन सायकली शेजारून जातील एवढीच. सरपंच भडकले. "सायेब, माझा ट्रक कसा जायचा?"

"ट्रकला ऊन लागतं व्हय, सरपंच?"

सरपंचांनी वरपर्यंत चक्रं फिरवली. पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीलाच साहेबांची बदली झाली. मी अजून घरीच, अन् आण्णांचं 'बघू' तसंच होतं.

निघायच्या दिवशी ऊन असं, की सावल्यासुद्धा घरात बसलेल्या. सरपंचांनी हसत ट्रक पुढं केला, "बसा, स्टँडवर सोडतो."

"सामान न्या. मी वाटेनं येतो."

पोचवायला आण्णा निघाले, मागं मी. वर्षभरात आण्णांनी त्या वाटेवर पाऊल टाकलं नव्हतं. निम्म्यात त्यांनी डोईचा पटका सोडून काखेत धरला अन् वर पाहत चालू लागले. वाटूरला साहेब स्टँडकडे वळले, तसा आण्णांनी त्यांचा हात धरला.

"सायेब, यष्टी दुसरी बी मिळंल. आधी पोरीचं नाव घालू."

साहेबांच्या तीन यष्ट्या चुकल्या. पुढं गाठ पडली नाही. पण मला येतं ते प्रत्येक अक्षर त्या वाटेनं चालत आलेलं आहे.