नजरेच्या कडेला

फिकट दीर्घिका दुर्बिणीतून बघायची एक रीत आहे. तिच्याकडे थेट बघायचं नाही. नजर बाजूच्या एखाद्या ताऱ्यावर ठेवली, की डोळ्याच्या कोपऱ्यात धुक्यासारखा पुसट डाग उमटतो. मग राहवत नाही, आपण नीट बघायला जातो आणि तो डाग नाहीसा होतो. काल अंधार पडल्यावर गच्चीत माझं हेच चाललं होतं. नुसता चडफडत होतो.

"दिसलं का रे काही?" शेजारच्या खुर्चीतून आईने विचारलं.

"सरळ बघितलं की जातंय गं."

"मग जरा बाजूला बघ ना," ती इतक्या सहज म्हणाली, की मी दुर्बीण खाली घेतली.

तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडा तेवढ्या शाबूत आहेत. मोतीबिंदू असता तर काढला असता, याला काही करता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हल्ली माझ्याशी बोलताना ती माझ्या कानापलीकडे बघते. तसं बघितलं, की मी तिला थोडासा दिसतो.

मला मात्र अजून सवय होत नाही. बोलता बोलता मी नकळत सरकतो, अगदी तिच्या नजरेसमोर येतो आणि पुसला जातो. मग ती मान किंचित वळवते आणि मला पुन्हा शोधते.