पेंटरीणबाईचं रान

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर भिंत रंगवली. रंगवत बायको होती, मी नुसता स्टूल धरून उभा. "नीट धरा. मी पडले तर उद्या भाकरी तुमालाच थापाव्या लागतील," म्हणाली. चुन्यात पिवडीची पिवळी माती कालवून तिनं भिंतीवरच्या डोंगरापासून थेट खाली जमिनीपर्यंत एक वाट काढली. मी बघतच राहिलो. कित्येक वर्षांत त्या भिंतीवर वाट नव्हती.

गल्ली तिला पेंटरीणबाई म्हणायची. शाळा दोघांनाही फारशी ठाऊक नाही. मी चुना मारणारा माणूस. एकच रंग भिंतभर सारखा बसला की माझं काम झालं. हिचं तसं नव्हतं. रेणापूरकडचं माहेरचं रान काढायची. डोंगर, नदी, बाभळी आणि तेव्हा डोंगराकडं जाणारी एक वाट, एवढंच. तेच चित्र, पण तिच्या मनासारखं बदलायचं. माझ्यावर रुसली की नदी आकसायची, खूश असली की बाभळीला फुलं. मी कामावरून आलो की आधी भिंत बघायचो, मग तिचं तोंड. "काय चुकलं माझं?" विचारलं तर म्हणायची, "मी कुठं काय म्हणले? जेवा."

आमची पोर त्या वाटेवरून बोट फिरवायची. "गेले, गेले" म्हणत डोंगराकडं न्यायची. दुष्काळात ती गेली. दोन वर्षांची होती. आम्ही तेव्हा खडी फोडायला जायचो. त्या साली हिनं आभाळ काळं केलं नाही, नदी आटवली नाही. फक्त वाट बुजवली.

"अगं, वाट कुठं गेली?"

"कोण यायचंय तिकडून?"

पुन्हा मी विचारलं नाही.

पुढं लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या रंगवायचं काम मिळालं. उरलासुरला हिरवा डिस्टेंपर मी डब्यात घरी आणायचो. भिंत हिरवीगार झाली. शेजारीण म्हणायची, "पेंटरीणबाई, सगळा पाऊस तुमच्याच भिंतीवर पडून राहिला की!" ही हसायची. पण त्या हिरव्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कंदिलाच्या उजेडात ते रान बघायचं मला भ्या वाटायचं.

म्हणून त्या संध्याकाळी वाट दिसली तेव्हा विचारलंच, "आता कोण येणार हाय?"

"येणार न्हाई कुणी," ती म्हणाली. "जायला तर लागंल की."

खाली उतरली, हात धुतले, भाकरी थापल्या. त्याच रात्री झोपेतच गेली.

सकाळी गल्लीतल्या बाया जमल्या. रडत रडत भिंतीच्या कडेनं बसायला लागल्या. चुन्याचा रंग, पाठ घासली की निघतो. मी ओरडलो, "टेकू नका कुणी! ओली हाय भिंत!"

मेहुणी म्हणाली, "दाजी, बसा जरा. डोकं ठिकाणावर ठेवा."

"सरक म्हणतो ना!"

साऱ्या पदर सावरून पुढं सरकल्या. मी वाटेला पाठ न लावता तिथं उभा राहिलो. भिंत रात्रीच वाळली होती.