परतीच्या गाडीपासून

"मुलांना घेऊन एक दिवस कुठंतरी जाऊन यावं म्हणते," असं बाबालालमामांना सांगितलं की ते ठिकाण विचारत नसत. चष्मा कपाळावर ढकलून म्हणत, "परत किती वाजता याचं हाय?" आपण गोंधळलो की वर ऐकवत, "जायाला कोणबी जातंय. परतायची गाडी आधी धरायची, मग मागं मागं यायचं."

मामा आमचे मंगळवार पेठेतले शेजारी, भिंतीला भिंत. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडावरच्या खिडकीत बसून गाड्या फलाटाला लावायच्या आणि कोणती कधी सुटणार ते भोंग्यावरून पुकारायचं. निवृत्त झाले तरी ती खिडकी काही सुटली नाही. दारात खुर्ची टाकून बसत आणि अख्ख्या गल्लीच्या सहली आखून देत. पाठकोरा कागद घेत, सगळ्यात वर परतीची वेळ लिहीत आणि सगळ्यात खाली निघायची. कोणत्या बाजूच्या खिडकीला ऊन येत नाही, तेही त्यात असे.

मुलं बरोबर असली की नियम एकच. मुलाच्या वयाच्या दर वर्षाला दहा किलोमीटर. तीन वर्षांचं असेल तर तीस, पाचचं असेल तर पन्नास. दोन मुलं असतील तर धाकट्याचं वय धरायचं. "त्याच्याफुडं नेलं की ती सहल न्हाय, शिक्षा. पोरालाबी आन् आईलाबी." मी तशी फटकळ. म्हटलं, "मामा, पोरं आहेत का मालट्रक?" माझा धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि मला त्याला गणपतीपुळ्याचा समुद्र दाखवायचा होता. भाड्याची जीप ठरवून पहाटे निघालो. आंबा घाटात धाकट्यानं ओकायला सुरुवात केली ती थांबेचना. ते बघून थोरला रडायला लागला, नवरा माझ्यावर खेकसला आणि मी त्या बिचाऱ्या ड्रायव्हरवर. समुद्र राहिला बाजूला, दुपारी बाराला आम्ही गल्लीत परत.

मामा दारातच होते. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घालूनच उतरले. ते एवढंच म्हणाले, "उद्याबी सुट्टी हाय न्हवं? पन्हाळ्याला जावा. आठची गाडी, बारा वाजता घरात. पोरांच्या ध्यानात वकारीची सहल शेवटची ऱ्हायला नको." आणि माझ्या हातात एक लिंबू ठेवलं, वास घ्यायला. दुसऱ्या दिवशी माझी पोरं पन्हाळ्याच्या तटावरून हाका मारत हुंदडली. आज दोघंही कॉलेजात आहेत, पण लहानपणची सहल म्हटलं की त्यांना पन्हाळाच आठवतो.

हे सुख गल्लीतल्या पोरांना मिळालं, मामांच्या इरफानला नाही. सुट्ट्या आल्या की स्टँडावर गर्दी, आणि गर्दी म्हणजे मामांची ड्युटी. इरफान पुण्याला नोकरीला लागल्यावर एकदा माझ्याकडं चहा पिताना म्हणाला, "ताई, अब्बा भोंग्यावरून पन्हाळा, राधानगरी, आंबा पुकारायचे. मी ती गावं नुसती ऐकली." हसत म्हणाला खरा, पण मला हसू आलं नाही. हे मामांनाही ठाऊक होतं. म्हणून नात जन्मली तेव्हाच त्यांनी जाहीर केलं, झोया सात वर्षांची झाली की आंब्याला जायचं. सत्तर किलोमीटर. दादू, अब्बू आणि ती. दर वाढदिवसाला ते तिला फोनवर सांगत, "चाळीस झाले गं." पुढच्या वर्षी, "पन्नास झाले."

नोकरीतली एक गोष्ट मात्र ते क्वचित काढत. एका ड्रायव्हरची आई गेल्याचा निरोप स्टँडावर आला, तेव्हा तो भरली गाडी घेऊन घाटात होता. मधल्या थांब्यावर कळवता आलं असतं. मामांनी कळवलं नाही. गाडी फलाटाला लागली, माणसं उतरली, मग त्याला खुर्चीत बसवून चहा दिला आणि सांगितलं. तो गावी पोचेपर्यंत माती उरकली होती. पुढं तो मामांशी जन्मभर बोलला नाही. "रस्त्यावरच्या माणसाला वाईट सांगायचं न्हाय," मामा म्हणत. "माझं चुकलं न्हाय. पण त्याचंबी चुकलं न्हाय."

झोयाला सात वर्षं पूर्ण झाली, त्या मे महिन्यात इरफान तिला घेऊन चार दिवसांसाठी आला. सुनेला रजा नव्हती, आणि मामी जाऊन पाच वर्षं झाली होती. मामांचं हृदय तोवर थकलं होतं. पायांवर सूज, दोन उशांना टेकूनच झोप. तरी कागद तयार होता. वर 'आंबा, तीनची गाडी', खाली 'घरातून सहा', आणि मध्ये 'जाताना डावी खिडकी, येतानाबी डावीच'. निघायच्या सकाळी त्यांना खाटेवरून उठताच येईना. इरफान म्हणाला, "अब्बा, राहू दे. पुढच्या सुट्टीत जाऊ."

मामा म्हणाले, "पोराला सांगितलेली सहल मोडली की ते मोठं होऊनबी इसरत न्हाय. तुला ठावं हाय की." इरफाननं झोयाच्या पायात बूट घातले. मामांनी तिच्या हातात लिंबू दिलं आणि मी त्यांच्यापाशी बसले. रिक्षेचा आवाज लांब गेल्यावर ते मला म्हणाले, "वैशाली, कायबी झालं तरी त्याला फोन करू नगंस. गाडी स्टँडात लागू दे, मग सांग."

मी हो म्हटलं. आजारी माणसाला हो म्हणतो, तसं.

अकराला डॉक्टर येऊन गेले. बाहेर नेऊन मला म्हणाले, आता हलवण्यात अर्थ नाही, मुलाला बोलवा. मी आत आले तर मामा माझ्या हातातल्या मोबाइलकडंच बघत होते. बाराला तोच वाजला. इरफान. "ताई, अब्बा कसे आहेत?" मागं झोया खिदळत होती. मामांनी हळूच मान हलवली, नको म्हणून. मी म्हटलं, "झोपलेत. तुम्ही जेवलात का?"

खरं सांगितलं असतं तर गाडी करून तो दोनपर्यंत पोचला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. उगाच कशाला खोटं बोलू?

मामांनी पुढं एकदाच तोंड उघडलं. "किती वाजले?"

"अडीच, मामा."

"तीनची फलाटाला लागली असंल," म्हणाले आणि डोळे मिटले. पावणेतीनला गेले. त्यांचा हात माझ्या हातात होता, जो इरफानच्या हातात असायला हवा होता.

शेजाऱ्यांना घरी बसवून मी स्टँडावर गेले. सव्वापाचला गाडी लागली. झोया उडी मारूनच उतरली. "काकू, दादूंना मीच सांगणार हं. मला एकदाही उलटी झाली नाही. बघ, लिंबू तसंच आहे."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि इरफानला म्हटलं, "बस जरा. चहा घेऊ."

तो नियंत्रकाचा मुलगा. त्या ड्रायव्हरची गोष्ट त्यानं माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली होती. "कधी?"

"पावणेतीनला."

"मी बाराला फोन केला, तेव्हा?"

माझी मान खाली गेली. त्यानं झोयाचा हात धरला आणि रिक्षेकडं चालू लागला. ती मागं वळून मला लिंबू दाखवत होती.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. माती देऊन तिसऱ्या दिवशी इरफान पुण्याला गेला, माझ्याशी एक शब्द न बोलता. ईदला मी फोन केला, त्यानं उचलला नाही. मामांची ती दोन वाक्यं रोज आठवतात. त्याचं चुकलं नाही, हे मी कुणालाही सांगेन. माझं चुकलं नाही, हे मात्र अजून तोंडातून निघत नाही.